नवी बॅटरी घेण्याआधी थांबा! जुनी गाडी सकाळी सुरू का होत नाही? तीन आकड्यांत समजून घ्या

मुळशीत पावसाळ्यात दोन-तीन दिवस उभी राहिलेली जुनी जीप ऐन गरजेच्या वेळी सेल्फ घेत नाही. घाटाकडच्या वाडीतून रात्री पेशंटला पौडला न्यायचे असेल, तर धक्का मारायला माणसे शोधावी लागतात. अशा वेळी अनेक जण थेट नवी बॅटरी घेतात. पण दोष चार्जिंगमध्ये किंवा वायरिंगमध्ये असेल, तर नवीही उतरते. साधा मल्टिमीटर हा फरक दाखवतो.

१) गाडी बंद: १२.६ व्होल्ट
गाडी रात्रभर उभी ठेवून मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करा.

२) इंजिन चालू: १३.८ ते १४.५ व्होल्ट
आकडा १२ च्या आसपासच राहिला, तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. पट्टा सैल, ब्रश झिजलेले किंवा रेग्युलेटर खराब असू शकतो. १५ च्या वर गेला, तर जास्त चार्जिंगने बॅटरीचे पाणी आटते.

३) चावी काढल्यावर: ०.०५ अँपिअरपेक्षा कमी
मायनस टर्मिनल काढून वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर जोडा. आकडा जास्त असेल, तर एकेक फ्यूज काढा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या लाइनवर गळती आहे. नंतर बसवलेला टेप, जादा दिवे, अडकलेला रिले हे नेहमीचे संशयित. सगळे फ्यूज काढूनही गळती राहिली, तर वायरमनकडून अल्टरनेटरचे डायोड तपासून घ्या.

गळती किती महागात पडते?
अर्धा अँपिअर गळती म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी तीन दिवसांत निम्म्याहून जास्त रिकामी होते.

हे टाळा
- तिसरी चाचणी चालू असताना सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज उडेल.
- ‘डायनामो चार्ज करतो का’ हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर टर्मिनल काढू नका. व्होल्टेज एकदम वाढून डायोड जळू शकतात.

तिन्ही आकडे बरोबर असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या. त्यात ती नापास झाली, तरच नवीचा खर्च करा.