आधी कोणाला सांगितलंत?

मी वसईत धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवते. मत्तयचं शुभवर्तमान सुरू झालं की एखादं चुणचुणीत पोर हटकून अडवतं : ‘‘टीचर, सातव्या अध्यायात येशू म्हणतो दोष काढू नका, अठराव्यात म्हणतो भाऊ चुकला तर जाऊन सांगा. ऐकायचं कुठलं?’’

दोन्ही. सातव्या अध्यायातलं कुसळ आणि मुसळ सगळ्यांना ठाऊक असतं. पण भावाच्या डोळ्यातलं कुसळ तसंच राहू द्या, असं येशू म्हणत नाही. आधी आपलं मुसळ काढा, म्हणजे त्याचं कुसळ काढताना नीट दिसेल, असं तो सांगतो.

कसं काढायचं, ते अठराव्यात येतं. आधी दोघांतच बोला. ऐकलं नाही, तर एक-दोघांना सोबत न्या. तरीही नाही, तर मंडळीपुढे ठेवा. आमच्याकडे सगळं उलटं! मिस्सा सुटली की आवारात कुजबुज, मग व्हॉट्सअ‍ॅपवर; ज्याचं नाव घेतलं जातं, त्याच्या कानी सर्वांत शेवटी.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टनं मठांसाठी नियम लिहिले. चुकणाऱ्याला आधी दोनदा खासगीत समज द्यावी, मगच चारचौघांत, असा त्यातला क्रम. मला त्याहून भावतं ते सत्ताविसावं प्रकरण. शिक्षा म्हणून ज्याला वेगळं ठेवलंय, त्याच्याकडे मठाधिपतीनं वयस्क, शहाणी माणसं गुपचूप धाडावीत. दुःखानं तो पार खचू नये म्हणून.

निवाडा करणारा बोलून मोकळा होतो. सुधारू पाहणाऱ्याला असं मोकळं होता येत नाही.

म्हणून गुळमुळीत बोलायचं, असंही नाही. दावीद राजानं उरियाला युद्धात मरायला धाडून त्याची बायको घेतली, तेव्हा नाथान संदेष्ट्यानं गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून राजाला तोंडावर दोषी ठरवलं. पण तो दावीदाला सोडून गेला नाही. राजा म्हातारा झाला, शलमोनाला गादीवर बसवायची वेळ आली, तेव्हाही नाथान दरबारात होता.

एक मात्र बजावते. लेकराबाळांवर अत्याचार झाला असेल, तर ‘दोघांत मिटवा’ म्हणण्यासाठी अठराव्या अध्यायाचा आधार घेऊ नये. तिथं आधी पोलिसांत जायचं.

बाकी वेळी माझी कसोटी साधी आहे. सांगून आल्यावर आठवड्याभरानं पुन्हा त्याच घरी चहाला जायची तयारी नसेल, तर पहिल्यांदाही जाऊ नये.