रोजचं विज्ञान : गुणगुणलं की बरं का वाटतं?

तांदूळ निवडताना आई काहीतरी गुणगुणत असते. शब्द अर्धेमुर्धे, चालही अधूनमधून भलतीकडे. विचारलं तर म्हणते, ‘तेवढंच डोकं शांत राहतं.’

तिच्या श्वासाकडे बघा. ओळीआधी पटकन श्वास आत, मग ओळभर तो सावकाश बाहेर. गोम इथेच आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मेंदूतून हृदयाकडे उतरणारी व्हेगस नावाची नस उतारावरच्या सायकलच्या ब्रेकसारखी वागते: श्वास घेताना ब्रेक सैल, सोडताना दाबलेला. उच्छ्वास लांबला की ब्रेक जास्त वेळ लागून राहतो.

एरवी आपण मिनिटाला बारा-पंधरा श्वास घेतो. इटलीतले संशोधक लुचियानो बर्नार्डी यांनी २३ जणांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि योगमंत्र म्हणायला लावले; निष्कर्ष २००१ मध्ये छापून आले. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, लय तीच! भजनात ओळ लांबवणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

नुसतं ऐकण्याचं गणित निराळं. द्रुत लयीने श्वास आणि ठोके वाढतात, त्यामुळे झोपताना ढोल-ताशा नको. बर्नार्डींच्याच २००६ च्या प्रयोगात संगीतामध्ये दोन मिनिटं शांतता ठेवली, तेव्हा ठोके आणि रक्तदाब सुरुवातीपेक्षाही खाली गेले. म्हणून मोबाइलला लगेच पुढचं गाणं लावू देऊ नका.

आई तर तांदूळ धुवायला उठते तेव्हा गप्पच असते.