मैफल तिची, नजराणाही तिचाच

निजामाने 1763 च्या सुमारास राजधानी औरंगाबादेहून हैदराबादला हलवली, तेव्हा दरबाऱ्यांमागोमाग सावकार, शायर, गवई आणि कलावंतिणीही निघाल्या. कलावंतीण राजकुंवरबाईंची मुलगी चंदाही पुढे हैदराबादला गेली. तिचा जन्म 1768 चा, औरंगाबादचा मानला जातो. माहलका बाई या किताबाने ती गाजली आणि तिची मैफल हैदराबादच्या उमरावांची हक्काची जागा ठरली.

रात्रीची मैफल हे त्या काळचं बिनसरकारी दरबारी दालन होतं. अत्तर, विडे, हुक्का झाला की गाणं आणि नाच. मुशायरा असेल तर शमा ज्याच्यापुढे येईल त्याने शेर वाचायचा. दिवसा एकमेकांना पाण्यात पाहणारे सरदार इथे मांडीला मांडी लावून बसत. कुणाला पुढे बसवायचं, कुणाला वाट पाहायला लावायची, हे सांभाळणारीला दरबाराची नाडी आपोआप कळत असे. माहलकाच्या चाहत्यांत मुत्सद्दी मीर आलम होते, तसेच निंबाळकर घराण्यातले राजा राव रंभाही.

18 ऑक्टोबर 1799 चा प्रसंग बघा. मीर आलमच्या घरी नाच रंगात आला होता. तो मध्येच थांबवून माहलकाने आपल्या गझलांचा हस्तलिखित दीवान कॅप्टन जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याला नजर केला. नाचणारीने बक्षिशी घ्यायची, हा रिवाज; इथे तिनेच नजराणा दिला. वेळही नेमकी साधली होती. वर्षभरापूर्वी निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला होता आणि मे महिन्यात टिपू पडला होता. वारा कुठून वाहतोय, हे तिने ओळखलं होतं. ती प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

निजामासोबत ती मोहिमांवरही गेली. जहागिरी मिळाल्या, लग्न मात्र तिने केलं नाही. 1824 मध्ये ती वारली. हैदराबादच्या मौला अली टेकडीच्या पायथ्याशी, आईसाठी बांधलेल्या मकबऱ्यातच तिची कबर आहे.

औरंगाबादच्या गझलेचा इतिहास सांगताना आपण वली आणि सिराज या शायरांवर थांबतो. उर्दूत दीवान रचणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी एक याच शहरातली होती, हे त्यांच्या जोडीने सांगायला हवं.