‘शेवटची पाळी कधी आली होती?’ : गरोदरपण, सहा गावं आणि आकडे वाचायची सवय



चार महिने ब्लॉगवर काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल माफी. कारण आनंदाचं आहे. मी गरोदर आहे, सध्या सत्ताविसावा आठवडा चालू आहे. पीएच.डी.चं चौथं वर्ष, रहाटणीतला वन-बीएचके, काळेवाडी फाट्यावरून पकडायची बस आणि पर्समध्ये कायम एक प्लास्टिकची पिशवी, कारण उलटी विचारून येत नाही.

या काळात मला सल्ल्यांची कमतरता अजिबात पडली नाही. सासूबाई, आई, घरमालकीण काकू, लॅबमधल्या सीनियर, मोबाईलवरचे व्हिडिओ, सगळे बोलतात. ‘सातव्यानंतर कमी जेव, बाळ मोठं झालं तर त्रास होईल.’ ‘दोन जिवांचं खा.’ एकाच दिवशी दोन्ही ऐकलंय! मग म्हटलं, आपण संशोधन करतो ना, तर यातलं कोणी नीट मोजलंय का ते बघू. आणि मोजलेलं सापडलं ते आपल्याच पुणे जिल्ह्यात.

तुमच्यापैकी बरेच जण सेट-नेट किंवा पीएच.डी. प्रवेशाच्या तयारीत आहात. म्हणून आज गरोदरपणाच्या निमित्ताने एक अभ्यास कसा वाचायचा ते सांगते. त्यात माझी एक चूकही आहे, ती लपवणार नाही.

आधी तारीख

दवाखान्यात मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ मी अंदाजे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अंदाजे नको, तारीख सांग.’ मी मोबाईलमध्ये शोधत बसले. लॅबमध्ये दर नळीवर तारीख लिहिणारी मी, स्वतःची तारीख मात्र लिहिलेली नव्हती.

गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे सहसा कळत नाही. म्हणून मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करतात. तिथून ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस. त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह येते तेव्हा ‘चौथा आठवडा’ म्हटलं तरी गर्भाचं वय साधारण दोनच आठवडे असतं. पाळी अनियमित असेल तर सुरुवातीच्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून तारीख दुरुस्त करतात.

आता पुण्याच्या अभ्यासाकडे या. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केला. त्यांनी दवाखान्यात येणाऱ्या गरोदर बायकांपासून सुरुवात केली नाही. आधी गावातल्या विवाहित स्त्रियांची नोंद केली, आणि कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेऊ लागल्या. पाळी चुकली की पुढची तपासणी.

एवढा खटाटोप कशासाठी? २.४ किलोचं बाळ छत्तिसाव्या आठवड्यात जन्मलं तर एक अर्थ, चाळिसाव्यात जन्मलं तर दुसराच. तारीख कच्ची असेल तर वजनाचा आकडाही कच्चा. कोणताही पेपर वाचताना आधी विचारा: यांनी वेळ कुठून मोजली, आणि तेव्हाच मोजली की नंतर आठवून विचारली?

पोट भरलं, पण कशाने?

या गावांतल्या बायका बारीक होत्या. गरोदर होण्याआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, उंची साधारण दीड मीटर. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तर तिथलं सरासरी ३.५ किलो. पण गंमत अशी की पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान असले तरी कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. काट्यावर बारीक, आतून तसं नाही. नुसतं वजन बघितलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं.

अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमाराला या बायकांनी काय खाल्लं ते तपशिलात विचारलं गेलं. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी ७९७ गरोदर स्त्रियांच्या माहितीवरून २००१ मध्ये जो निष्कर्ष मांडला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आईने एकूण किती उष्मांक किंवा प्रथिनं घेतली याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. पण अठराव्या आठवड्यातलं दूध, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या हिरव्या पालेभाज्या आणि फळं यांचा संबंध दिसला. जास्त वेळा खाणाऱ्यांची बाळं मोठी होती.

२००३ मध्ये त्यांनी कष्टांबद्दलही लिहिलं. घरचं आणि शेतातलं काम जास्त असलेल्या बायकांची बाळं सरासरीने लहान होती. म्हणजे ‘आमच्या वेळी आम्ही शेवटपर्यंत शेतात राबलो’ हे वाक्य खरं आहे, पण त्याची किंमत बाळाच्या वजनात दिसत होती.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी मेथी, चाकवत आणि राजगिरा अशा तीन जुड्या घेऊन आले. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, एवढी कोण निवडणार?’ खरंय. पेपरमध्ये ‘पालेभाज्यांचं सेवन’ असे दोन शब्द असतात. प्रत्यक्षात ते निवडणं, धुणं, चिरणं असं पाऊण तासाचं काम आहे, आणि ते कोणीतरी करावं लागतं. आमच्याकडे आता नवरा निवडतो. सुरुवातीला निम्मी मेथी देठांसकट आली, पण शिकला!

संबंध म्हणजे कारण नव्हे

थांबा, लगेच ‘पालेभाजी खा, वजन वाढवा’ असं लिहून टाकू नका. ज्या घरात दूध आणि फळं येतात ते घर कदाचित जरा बऱ्या परिस्थितीतलं असेल, तिथली सून कदाचित कमी राबत असेल. संशोधकांनी अशा गोष्टी गणितात धरल्या होत्या, तरीही निरीक्षणातून ‘संबंध’ कळतो, ‘कारण’ सिद्ध होत नाही.

त्यासाठी प्रयोग लागतो. तो मुंबईत झाला, ‘मुंबई मॅटर्नल न्यूट्रिशन प्रोजेक्ट’. वस्त्यांमधल्या ६,५१३ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला, तोही गरोदर होण्याआधीपासून. दुसऱ्या गटालाही खाऊ दिला, पण कांदा-बटाट्यासारख्या, कमी सूक्ष्मपोषक असलेल्या भाज्यांचा.

निकाल २०१४ मध्ये आला. सगळ्या स्त्रिया एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात ठोस फरक नाही! गर्भ राहण्याच्या तीन महिने किंवा त्याहून आधी ज्यांनी खाऊ सुरू केला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त होतं. आणि २०१६ मध्ये वेगळीच गोष्ट पुढे आली. ज्यांची साखर तपासली त्यांच्यात गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण साध्या खाऊच्या गटात १२.४ टक्के होतं, पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के. शोधायला निघाले वजन आणि हाती लागली साखर. तुमच्याही संशोधनात असं होईल. मुख्य निकाल आधी प्रामाणिकपणे सांगा, मग दुसरी गंमत.

माझी चूक

नवव्या आठवड्यात मी याच पुणे अभ्यासातला २००८ चा पेपर वाचला. म्हणजे खरं तर फक्त सारांश, तोही बसमध्ये. त्यात होतं की सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होतं, फोलेटची कमतरता जवळजवळ कोणालाच नव्हती, आणि ज्या मातांमध्ये फोलेट जास्त व बी-१२ कमी होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं.

आमच्या घरी शाकाहार. माझं बी-१२ कमीच असणार असं मी ठरवलं आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद केली. कोणालाही न विचारता. चार दिवस.

पुढच्या तपासणीत मॅडमना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, ‘पेपरमध्ये गोळी बंद करा असं लिहिलंय का?’ लिहिलं नव्हतं. फॉलिक अ‍ॅसिडमुळे मज्जारज्जूचे जन्मदोष कमी होतात हे तर प्रत्यक्ष प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. मी एका निरीक्षणाच्या जोरावर सिद्ध झालेली गोष्ट सोडली होती. समतोल बिघडला असेल तर कमी असलेली बाजू भरायची, दुसरी रिकामी करायची नाही. रक्त तपासलं, बी-१२ कमी निघालं, त्याची गोळी सुरू झाली आणि फॉलिक अ‍ॅसिडही परत सुरू झालं. बी-१२ पालेभाजीत नसतं हेही लक्षात ठेवा. ते दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतून मिळतं.

त्या चार दिवसांनी काही बिघडलं नाही. पण अर्धवट वाचलेला पेपर स्वतःच्या शरीरावर लावला की पोटात कसा गोळा येतो, ते मला कळलं. शंका आली तर गोळी बंद करू नका, प्रश्न लिहून न्या.

रोजच्या काही गोष्टी

गरोदरपणात रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, जवळपास ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात. म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरतो. पण ११ च्या खाली गेला तर ‘गरोदरपणात होतंच’ म्हणून सोडायचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका. लोहाच्या गोळीवर चहा नको, लिंबू चालेल. मी लोह रात्री घेते, कॅल्शियम जेवणांबरोबर. माती किंवा खापर खावंसं वाटलं तर डोहाळे म्हणून हसण्यावारी नेऊ नका, लोह कमी असण्याची ती खूण असू शकते.

लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी बारा आठवडे होईपर्यंत गुपित ठेवायच्या नादात पडू नये. नातेवाईकांना उशिरा सांगा हवं तर, पण गाईडला लवकर सांगा. माझ्या कामात फिनॉल, क्लोरोफॉर्म, इथिडियम ब्रोमाइड लागतं. आता ती पायरी ज्युनियर करतो आणि त्याच्या डेटाचं विश्लेषण मी करते. सौदा बरा आहे.

सुट्टीचं म्हणाल तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार महिला पीएच.डी. विद्यार्थिनींना पूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा देता येते. आमच्या कार्यालयात मी फॉर्म मागितला तेव्हा ‘असा फॉर्म नसतो’ असं उत्तर मिळालं. नियमाची प्रिंट घेऊन गेले तेव्हा साध्या अर्जावर काम झालं. प्रवेश घेण्याआधीच हा नियम वाचून ठेवा. मुलांनीही वाचा, उद्या तुमच्या लॅबमध्ये कोणीतरी असेल.

अजून न मोजलेलं

आमच्या खालच्या मजल्यावर एक ताई राहतात. सहावा महिना, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये उभ्याने काम. संध्याकाळी जिन्यात भेटलो की आम्ही एकमेकींचे सुजलेले पाय बघतो. कायद्यात २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे. बाळंतपणाआधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना, तिने मागणी केली तर, खूप वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये असंही त्यात आहे. मी त्यांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मागणी करायची कोणाकडे गं?’ मला उत्तर देता आलं नाही.

त्या सहा गावांत शेतातले कष्ट मोजले गेले. मशीनसमोर आठ तास उभं राहणं, कंपनीची बस, रात्रपाळी, डब्यातली कोरडी भाजी हे सगळं तेवढ्याच बारकाईने मोजायचं तर प्रश्नावली कशी करायची? ‘काम किती?’ एवढं विचारून चालणार नाही. किती तास उभं, मध्ये बसायला मिळतं का, लघवीला जाता येतं का, हे विचारावं लागेल. आणि विचारायला दर महिन्याला कोणीतरी दारात जावं लागेल.

तुमच्यापैकी कोणी विषय शोधत असाल तर हा घ्या. मला जमलं असतं तर मीच केला असता, पण सध्या माझ्याकडे दुसरा प्रकल्प आहे आणि त्याची अंतिम मुदत वाढवून मिळत नाही.

तोपर्यंत एक काम करा. आज तुमच्या विषयातला एक पेपर उघडा आणि सारांश सोडून ‘पद्धती’ हा भाग आधी वाचा. बसमध्ये नको, टेबलावर बसून.