सपनाची आई

'एक दूजे के लिए'चा विषय निघाला की आधी वासू-सपना ही प्रेमी जोडी आठवते, मग एस. पी. बालसुब्रह्मण्यमचा आवाज. सपनाच्या आईची आठवण कुणी काढत नाही. खरं तर निम्मा चित्रपट तिच्याच हट्टावर चालतो.

मूळ गोष्ट मद्रासच्या के. बालचंदर यांनी १९७८ साली तेलुगूत केली: 'मरो चरित्र'. कृष्णधवल चित्रपट, तमिळ मुलगा, तेलुगू मुलगी, गाव विशाखापट्टणम. कमल हासनसमोर सरिता ही अगदी नवखी मुलगी. मद्रासमध्ये हा चित्रपट डब न करता तेलुगूतच लागला आणि अण्णा सालैवरच्या सफायर थिएटरात दीड वर्षाहून जास्त मुक्काम ठोकून राहिला. पडद्यावर दोन घरं भाषेपायी एकमेकांचं तोंड बघेनात आणि समोर तमिळ प्रेक्षक तेलुगू संवादांवर डोळे पुसतायत, असा तो मामला!

१९८१ची हिंदी आवृत्ती, म्हणजे 'एक दूजे के लिए', हीही मद्रासचीच. निर्माते एल. व्ही. प्रसाद. गोष्ट आता गोव्यात आली. एक घर तमिळ, दुसरं उत्तर भारतीय, म्हणजे दोन्ही घरं परमुलखात. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. आपल्या गावात पोरीवर नजर ठेवायला चुलत्या-मावश्या असतात. इथे सगळा पहारा एकट्या आईवर. त्यात बालचंदरनी या भूमिकेसाठी शुभा खोटे यांना घेतलं. मेहमूदबरोबर प्रेक्षकांना हसवणारी ही बाई इथे मुलीच्या देखत वासूचा फोटो जाळते. सपना ती राख कपात ढवळते आणि पिऊन टाकते. तिथे आरडाओरडा करून जे साधलं नसतं, ते त्या एका घोटात साधतं.

पुढे वर्षभर भेटायचं नाही, ही अट. वासू हैदराबादेत संध्या नावाच्या बाईकडून हिंदी शिकतो. वासूसाठी गाणाऱ्या बालसुब्रह्मण्यमच्या दाक्षिणात्य उच्चारांबद्दलही संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल साशंक होते. नायकच तमिळ आहे, तो असाच गाणार, हे बालचंदरांचं म्हणणं. त्यातल्या एका गाण्यासाठी बालसुब्रह्मण्यमना पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

१९६२च्या 'लाइट इन द पियाझा' या इंग्रजी चित्रपटातली आईही मुलीला परदेशात, फ्लॉरेन्समध्ये, जपत फिरते. पण त्या मुलीची बुद्धी अपघातामुळे लहान मुलीइतकीच राहिलेली असते, त्यामुळे आईच्या काळजीला आधार असतो. तरीही शेवटी ती नवऱ्याला न जुमानता मुलीचं लग्न लावून देते. सपनाच्या आईकडे भाषा आणि रीतिरिवाज यांपलीकडे कारणच नाही.

आणि बालचंदर तिला सोडूनही देतात. शेवटी वासूवर गुंड घातले जातात, सपनावर बलात्कार होतो, दोघं जीव देतात. सगळा दोष या बाहेरच्या माणसांच्या माथी. वर्षभराची ती अट घालणाऱ्या घरांना मात्र जाब कुणी विचारत नाही. एवढ्या धीट दिग्दर्शकाने तिथे हात आखडता घ्यायला नको होता.