सेन्सरने प्रतिसाद दिला, पण कशाला?

मटेरियल्स किंवा इलेक्ट्रोकेमिस्ट्रीमध्ये पीएच.डी. करायचा विचार असेल, तर विषय शोधताना एक नाव हमखास समोर येतं : वाहक पॉलिमर वापरून पाण्यातले सेंद्रिय पदार्थ ओळखणारे सेन्सर. विषय आहेच तसा आकर्षक. फिल्म काही मिनिटांत तयार होते, आणि पहिल्या काही महिन्यांतच सरळ रेषेचा सुंदर आलेख हातात येतो. तो आलेख खोटा नसतो. पण तो नेमकं काय सांगतो, हे उमगायला कधीकधी पुढची दोन-तीन वर्षं जातात. तुमची ती वर्षं वाचावीत, म्हणून हा लेख.

गरज कशाची आहे?

पाण्यातलं सेंद्रिय प्रदूषण मोजायची सगळ्यात परिचित पद्धत म्हणजे बीओडी. पाण्यातल्या जिवाणूंनी ठरावीक दिवसांत किती ऑक्सिजन वापरला, ते यात मोजतात. जुनी पद्धत २० अंश सेल्सिअसला ५ दिवसांची. आपल्याकडे २७ अंशांना ३ दिवसांची चालते. आंघोळीयोग्य नदीच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असा आपला निकष आहे. अडचण अशी, की आज नाल्यातून काय आलं ते तीन दिवसांनी कळतं, आणि तोवर ते पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं. सीओडी चाचणी साधारण दोन-अडीच तासांत होते, पण तिच्यात डायक्रोमेट, तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि पाऱ्याचं संयुग लागतं. म्हणजे प्रदूषण मोजताना आपणच थोडं विषारी सांडपाणी तयार करतो.

म्हणून स्वप्न असं : एक छोटी पट्टी पाण्यात बुडवायची आणि मिनिटभरात आकडा वाचायचा.

वाहक पॉलिमर म्हणजे काय?

साधं प्लास्टिक वीज वाहत नाही, कारण त्याचे इलेक्ट्रॉन बंधांमध्ये अडकलेले असतात. पण साखळीत एकाआड एक दुहेरी बंध असतील, तर इलेक्ट्रॉन साखळीभर पसरू शकतात. त्यातले थोडे काढून घेतले (याला डोपिंग म्हणतात), की विद्युतभाराला हालचालीला वाट मिळते. हिगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी १९७७ मध्ये पॉलिअ‍ॅसिटिलिनवर आयोडीनची प्रक्रिया करून त्याची वाहकता प्रचंड वाढवली. नोबेल समितीच्या शब्दांत सांगायचं तर एक कोटी पट. त्यांना २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पॉलिअ‍ॅसिटिलिन हवेत टिकत नाही, म्हणून सेन्सरमध्ये पॉलिअ‍ॅनिलिन, पॉलिपायरोल आणि पेडॉट हे तिघे जास्त दिसतात.

यांतल्या पॉलिअ‍ॅनिलिनचा एक गुण नीट लक्षात ठेवा. आम्लात ते हिरवं आणि वाहक असतं. अल्कलीत ते निळं होतं आणि वाहकता साधारण दहा अब्ज पटीने घसरते. यासाठी इलेक्ट्रॉन काढावे लागत नाहीत, प्रोटॉनची देवघेव पुरते. पुढची सगळी गंमत आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

एक उदाहरण : फिनॉल

‘सेंद्रिय पदार्थ’ हा एक पदार्थ नाही. साखर, प्रथिनं, साबण, तेल, कुजलेल्या पानांतून आलेली ह्युमिक द्रव्यं, सगळं त्यात येतं. म्हणून आपण एकच रेणू घेऊ : फिनॉल. ते रंग, रेझिन, कोळसा आणि तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांच्या सांडपाण्यात सापडतं.

फिनॉल थेट इलेक्ट्रोडवर ऑक्सिडाइझ करता येतं. पण ते होताना त्याचाच एक अवाहक थर इलेक्ट्रोडवर बसतो. पहिलं रीडिंग छान, पाचवं निम्मं, आणि थोड्या वेळाने इलेक्ट्रोड गप्प. यावर एक उपाय म्हणजे टायरोसिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम. बटाटा कापून ठेवला की काळा पडतो, त्यामागे याच जातीचं विकर असतं. ते ऑक्सिजनच्या मदतीने फिनॉलचं आधी कॅटेचॉल आणि मग क्विनोन करतं. क्विनोन इलेक्ट्रोडवर अगदी कमी व्होल्टेजला इलेक्ट्रॉन घेऊन परत कॅटेचॉल होतं, आणि विकर त्याला पुन्हा क्विनोन बनवतं. हा फेरा चालू राहिल्याने प्रवाह वाढतो.

मग पॉलिमरचं काम काय? विकराला जागेवर धरून ठेवायचं आणि फिनॉलला आत येऊ द्यायचं. यासाठी पॉलिपायरोल सोयीचं पडतं, कारण पायरोलचं पॉलिमर उदासीन पाण्यातही तयार होतं. वाढत्या फिल्ममध्ये विकर सहज अडकतं आणि जिवंत राहतं. चांगलं वाहक पॉलिअ‍ॅनिलिन बनवायला मात्र बऱ्यापैकी आम्ल लागतं, आणि तिथे विकराचं काही खरं नसतं. पॉलिमर निवडायचं ते अशा कारणाने. आधीच्या सिनियरने तेच वापरलं होतं, हे कारण व्हायव्हात टिकत नाही.

आता आकडा बघू

समजा तुमच्या सेन्सरची शोधमर्यादा ०.५ मायक्रोमोलर आली. (कोऱ्या द्रावणाच्या रीडिंगमधल्या चढउताराचं प्रमाण विचलन काढायचं, त्याची तिप्पट करायची आणि आलेखाच्या चढाने भागायचं, की ही मर्यादा मिळते.) ऐकायला हे भारी वाटतं. फिनॉलचा रेणूभार ९४, म्हणजे ही मर्यादा झाली लिटरला ०.०४७ मिलिग्रॅम. पण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फिनॉलयुक्त संयुगांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. तुमचा सेन्सर ४७ पट कमी पडला! अशा पट्टीने ‘फिनॉल आढळलं नाही’ असं दाखवलं आणि कुणी त्यावर विसंबून पाणी प्यायलं, तर?

तोच सेन्सर कारखान्याच्या नळीपाशी न्या. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण १०.६ मायक्रोमोलर. तिथे तुमची पट्टी पुरून उरते. सेन्सर तोच आहे. एका जागी निरुपयोगी आणि दुसऱ्या जागी कामाचा. म्हणून कोणतं पाणी आणि कोणती मर्यादा, हे फिल्म बनवायच्या आधी ठरवा.

खरा प्रश्न : प्रतिसाद कशाला?

आता पुन्हा पॉलिअ‍ॅनिलिनकडे येऊ. समजा तुम्ही दोन इलेक्ट्रोडमध्ये त्याची फिल्म बसवली, पाण्यात लॅक्टिक आम्ल वाढवत नेलं आणि रोध घटत गेला. सरळ रेषा आली. तुम्ही सेंद्रिय आम्ल मोजलंत का? की नुसता सामू, म्हणजे आपण रोज ज्याला पीएच म्हणतो तो, मोजलात? याचं उत्तर अर्ध्या तासात मिळतं. लॅक्टिक आम्लाऐवजी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या, सामू तेवढाच खाली आणा आणि रोध बघा. बदल तेवढाच आला, तर तुमच्याकडे सामू मोजणारी पट्टी आहे. तिचाही उपयोग आहे, पण शीर्षक बदलावं लागेल.

उलट बाजूनेही हीच अडचण येते. नदीच्या पाण्याचा सामू बहुतेक वेळा ७ ते ८ च्या आसपास असतो, आणि साधं पॉलिअ‍ॅनिलिन ४ च्या वर गेलं की विद्युतरासायनिक दृष्ट्या सुस्त पडत जातं. आम्लातला झकास आलेख नदीत चालेलच असं नाही. त्यात पाण्यातले क्षारही वीज वाहतात, म्हणजे काही प्रवाह फिल्मला बगल देऊन थेट पाण्यातून जातो. ह्युमिक द्रव्यं फिल्मवर चिकटतात. आणि टायरोसिनेजला ऑक्सिजन लागत असल्याने, ऑक्सिजन कमी असलेल्या घाण पाण्यात, जिथे सेन्सरची सगळ्यात जास्त गरज, तिथेच रीडिंग कमी येऊ शकतं.

आणखी एक बारकावा. टायरोसिनेज फिनॉलसोबत कॅटेचॉल आणि पॅरा-क्रेसॉललाही प्रतिसाद देतं. फिनॉलची प्रचलित रंगचाचणी (अमिनोअँटिपायरिनची) मात्र पॅरा-क्रेसॉल पकडत नाही. म्हणजे दोन्हींचे आकडे जुळले नाहीत तर सेन्सरच चुकला असं लगेच ठरवू नका. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतील.

यातून बाहेर पडायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे नेमकेपणा वाढवायचा : विकर वापरायचं, किंवा लक्ष्य रेणूभोवती पॉलिमर वाढवून, नंतर तो रेणू काढून, फिल्ममध्ये त्याच्या आकाराचे साचे ठेवायचे. दुसरा म्हणजे नेमकेपणाचा हट्ट सोडायचा. वेगवेगळ्या पॉलिमरचे अनेक सेन्सर एकत्र लावायचे आणि त्यांच्या प्रतिसादांचा नमुना ओळखायचा. याला इलेक्ट्रॉनिक जीभ म्हणतात. ब्राझीलमध्ये एम्ब्रापा या कृषी संशोधन संस्थेत वाहक पॉलिमर वापरून यावर बरंच काम झालं आहे. पण जिभेला आधी चव शिकवावी लागते. एका नदीवर शिकलेली जीभ दुसऱ्या नदीवर पुन्हा तपासावी लागते.

पेपर वाचताना आणि स्वतः काम करताना

पेपर हातात घेतलात की निष्कर्षाआधी चार गोष्टी शोधा. सेन्सर बफरमध्ये तपासला की खऱ्या पाण्यात? खऱ्या पाण्यात ठरावीक फिनॉल घालून ते परत किती सापडलं? हस्तक्षेप करणारे पदार्थ लक्ष्य रेणूइतकेच घेतले की शंभरपट? (खऱ्या पाण्यात ते बरेचदा शंभरपटच असतात.) आणि तीच फिल्म दहाव्या दिवशी काय म्हणाली? यातलं काही दिलेलं नसेल, तर पेपर वाईटच असं नाही. पण तिथे तुमच्यासाठी काम शिल्लक आहे.

गाईडबरोबरच्या पहिल्या चर्चेला जाताना एका कागदावर तीन ओळी लिहून न्या : कोणता रेणू, कोणतं पाणी, कोणती मर्यादा. खाली चौथी ओळ लिहा : ‘लक्ष्य रेणू नसतानाही हा प्रतिसाद कशामुळे येऊ शकेल?’ आणि सुचतील तेवढी कारणं मांडा. पहिल्या सहा महिन्यांचे प्रयोग त्या यादीतूनच निघतील.