खटका दाबा, क्षणभर थांबा

हातातल्या पाच वॉटच्या रेडिओ संचाची धाव तशी थोडीच. डोंगरावरचा रिपीटर तो आवाज उचलून लांब पोचवतो, पण समुद्रापलीकडे? कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या डेव्हिड कॅमेरॉन यांनी १९९७ मध्ये त्यावर तोड काढली: आयआरएलपी. दोन रिपीटरांमधला प्रवास इंटरनेटवरून, दोन्ही टोकांना मात्र रेडिओच. संचावरच्या बटणांनी चार आकडी क्रमांक दाबला की दूरचा रिपीटर जोडला जातो. ७३ दाबलं की सुटतो. हौशी रेडिओवाले निरोप घेताना एकमेकांना ‘७३’ म्हणजे शुभेच्छाच देतात, म्हणून हा संकेत मला फार आवडतो.

एक पथ्य पाळायलाच हवं. खटका दाबल्यावर सेकंदभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द वाटेतच गळतो. बोलण्याबोलण्यात थोडी फटही ठेवा; पलीकडे कुणीतरी आपल्या पाळीची वाट बघत असतं.